आधी खांदा, मग कोट

पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं शिलाईचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस, झेरॉक्सवाले. बीड, हिंगोली, बुलढाणा, नंदुरबारकडची मुलं इथं राहून एमपीएससी-यूपीएससीचा अभ्यास करतात. मुख्य परीक्षेचा निकाल लागला की त्यातली काही माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो : "काका, कोट लागेलच का?"

मी उलट विचारतो, मुलाखत कसली, कुठं आणि कोणत्या महिन्यात?

महिन्याला फार महत्त्व आहे. यूपीएससीच्या नागरी सेवेच्या मुलाखती दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये होतात आणि साधारण जानेवारी ते एप्रिल अशा चालतात. जानेवारीतल्या दिल्लीत सकाळी हाडं गोठतात. तिथं टेरीवूलचा कोट अंगावर असणं ही गरजच आहे, त्यामुळे तो मी आनंदानं शिवतो. पण तारीख एप्रिलची आली, तर तोच कोट घालून फाटकापासून आत पोचेपर्यंत माणूस घामाघूम होतो. अशा मुलाला मी चांगला शर्ट, चांगली पँट आणि हवा असेल तर टाय सुचवतो. कोटाचा फारच आग्रह असेल तर अर्ध्या अस्तराचा, हलका.

एकूण २०२५ गुणांपैकी २७५ या मुलाखतीचे. तिथं काय तपासतात ते आयोगाच्या अधिसूचनेत दिलेलं असतं : सतर्कता, मुद्देसूद मांडणी, संतुलित निर्णय, नेतृत्व, बौद्धिक आणि नैतिक प्रामाणिकपणा. कपड्यांचं नाव त्या यादीत नाही. तरीही कपड्यांचा परिणाम होतो, कारण गळ्याला कॉलर काचत असली की मुलगा उत्तर देता देता मान वळवतो, पोटावर शर्ट ताणला की हात सारखा तिकडे जातो. अंगावर काय घातलंय याचा त्या अर्ध्या तासात त्याला विसर पडला, तर कपडे बरोबर शिवले असं मी समजतो.

मुलाखत बसून होते. म्हणून माप उभं घेतलं, तरी ट्रायलला मी मुलाला खुर्चीवर बसवतो. बसल्यावर बटणांच्या मध्ये फट पडते का, मांडीला पँट आवळते का, मोरी वर सरकून पोटरी उघडी पडते का, हे तेव्हाच कळतं. मोजे आखूड असले तर चांगल्या पँटचाही काही उपयोग होत नाही. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. हात खाली सोडले की शर्टाची बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी, आणि वर कोट असेल तर त्याच्या बाहीखाली शर्टाची अर्धा इंच पट्टी दिसावी. पँटची बुटावर एकच हलकी घडी पडावी. चपलेवर घेतलेली उंची बुटावर फसते, त्यामुळे ट्रायलला येताना बूट घालून या, असं मी प्रत्येकाला बजावतो.

आता मागून आणलेल्या कोटाबद्दल. एका खोलीत चार मुलं राहतात, त्यातल्या एकाकडे भावाच्या लग्नातला कोट असतो आणि तोच सगळ्यांच्या मुलाखतींना फिरतो. माझ्याकडे तो 'जरा लहान करून द्या' म्हणून येतो. मी आधी खांदा बघतो. कोटाच्या खांद्यात आत कॅनव्हास असतो, पॅडिंग असतं आणि मुंढ्यात बाही बसवलेली असते. तिथं हात घालायचा म्हणजे निम्मा कोट उसवून पुन्हा बांधायचा, आणि त्या खर्चात नवा शर्ट-पँट होतो. बाही इंचभर आखूड करता येते, बाजूच्या शिलाईतून कंबर आत घेता येते, आत कापड सोडलेलं असेल तर सैलही करता येते. पण खांदा दंडावर उतरलेला असेल, तर तो कोट त्या मुलाचा नाही. ते सबंध खोलीला दिसतं, आणि आरसा न बघताही त्याला स्वतःला जाणवत राहतं. अशा वेळी कोट परत कर आणि शर्ट-पँटवर जा, असं मी स्पष्ट सांगतो.

कर्ज काढून कोट शिवायला आलेल्या मुलांना मी परत पाठवलं आहे. वडील शेतात राबतात, मेसचे पैसे थकलेत आणि हा उधारीवर थ्री-पीस मागतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. कुणीतरी त्याच्या मनात भरवलेलं असतं की कोटाशिवाय साहेब दिसणार नाहीस. ज्याला परवडतं त्यानं जरूर शिवावा. मात्र नवा कोट घातला की मागच्या फाटीवरचा फुलीसारखा कच्चा टाका उसवावा, बाहीवरचं कंपनीचं लेबल काढावं आणि खालचं बटण उघडं ठेवावं.

आपल्याकडच्या सरकारी नजरेला नीटनेटकं म्हणजे काय वाटतं, हे बघायचं तर मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल काढलेला निर्णय बघा. पुरुषांसाठी फिका शर्ट, गडद पँट, शर्ट खोचलेला. महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार. जीन्स-टीशर्ट नको, भडक नक्षी नको. शाळेतल्या, जिल्हा परिषदेतल्या, बँकेतल्या मुलाखतीला एवढ्यावर निभावतं. केंद्रातल्या खालच्या पदांच्या मुलाखती तर १ जानेवारी २०१६ पासून बंदच झाल्या, तिथं लेखी परीक्षा आणि लागेल तिथं कौशल्य चाचणी. हिंजवडीचं जग निराळं. इन्फोसिससारख्या कंपनीनं २०१५ मध्येच आठवडाभर बिझनेस कॅज्युअलची मुभा दिली. तिथं थ्री-पीस घालून गेलेला मुलगा अवघडून बसतो. त्या कचेरीत लोक रोज जे घालतात, त्याहून एक पायरी नीट, असा माझा हिशेब असतो. चाकणच्या कारखान्यात मुलाखतीनंतर बऱ्याचदा शॉपफ्लोअर दाखवायला नेतात, तिथं बंद बूट हवेत आणि लोंबती ओढणी नको.

कापडाबद्दल माझं मत पक्कं आहे. रात्रीच्या एसटीनं किंवा रेल्वेनं प्रवास करून जाणाऱ्यानं लिनन आणि निव्वळ सुती कापड टाळावं, ते बसल्या जागी चुरगळतं. टेरिकॉटची घडी टिकते. मात्र पॉलिस्टर फार असलं तर घाम शोषला जात नाही, म्हणून शर्टात सुताचा वाटा बघून घ्यावा. आकाशी आणि राखाडी रंगावर काखेतला घाम लगेच दिसतो, पांढऱ्यावर कमी. पांढरा शर्ट पातळ असेल तर आत बाहीची बनियन घालावी. सुती कापड कापण्याआधी भिजवून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आखूड होते. शर्ट तयार मिळाला की एकदा धुऊन खळ घालवावी आणि मुलाखतीआधी दोन-तीन दिवस घालून वावरावं.

मुलींचं काम शेजारच्या गाळ्यात माझी पत्नी बघते. ती सांगते, ज्या मुलीला साडीची सवय नाही तिला साडीची सक्ती करू नये, साधा कुर्ता-सलवार आणि खांद्याला पिन लावलेली ओढणी पुरेशी. साडी नेसायचीच असेल तर फॉल-पिको करून चार वेळा नेसून, जिना चढून-उतरून बघावी. ब्लाउजचा मुंढा आवळत असेल तर नमस्काराला हात जोडतानाच कळतं, आणि तो सैल करणं तासाभराचं काम असतं. खळखळणाऱ्या बांगड्या तेवढा वेळ पर्समध्ये ठेवाव्यात, असंही ती सुचवते.

पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात शिंप्याकडे जा. लग्नसराईत आम्ही पंधरा-पंधरा दिवस मागे असतो, आणि आदल्या दिवशी दिलेल्या कपड्याची ट्रायल होत नाही. माप देताना तारीख, गाव आणि पद सांगा. जुनी चांगली बसणारी पँट घरात असेल तर तीही घेऊन या. पुष्कळदा तिचीच मोरी नीट करून, कडेची तुरपाई नव्यानं घालून आणि कडक इस्त्री करून भागतं. नवी शिवायची गरजच पडत नाही.