तिसऱ्या पिनेची वाट

इस्त्रीचा प्लग एकदा हातात घेऊन नीट पाहा. खालच्या दोन पिना सारख्या असतात आणि वरची एकटी जाड, लांब. सहा अँपिअरच्या प्लगमध्ये खालच्या पिनांचा व्यास साधारण 5 मिलिमीटर भरतो, वरचीचा 7. ती जाड केली आहे, कारण ती चुकूनही फेजच्या भोकात शिरता कामा नये. ती लांब केली आहे, कारण प्लग खोचताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. वीज इस्त्रीपर्यंत पोचण्याआधीच संरक्षण तिथे हजर असतं. खालच्या भोकांवर झडपा असलेल्या सॉकेटमध्ये त्या झडपा उघडण्याचं कामही हीच पीन करते. गोल पिनांची ही घडण 1934 च्या ब्रिटिश मानकातून आपल्याकडे आली. इस्त्री तापवण्यात या पिनेचा काडीइतकाही वाटा नसतो, आणि तरीही इतका विचार तिच्यावरच खर्च झाला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता जुन्या भाड्याच्या खोलीत या. सदाशिव पेठेतल्या वाड्यातली कॉट बेसिसची खोली घ्या, गिरगावातली चाळ घ्या, नाहीतर नागपूरच्या महालातलं जुनं घर. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपा मारून नेलेल्या वायरी. हे वायरिंग झालं तेव्हा खोलीत दोन बल्ब आणि एक पंखा चालायचा, म्हणून वायरीही दोनच आल्या: फेज आणि न्यूट्रल. पुढे फ्रीज आला, गीझर आला, तेव्हा कोणीतरी दोन पिनांचं सॉकेट काढून तीन पिनांचं बसवलं. वायरमनने असा बोर्ड उघडला, तर लाल वायर दिसते, काळी दिसते, आणि हिरव्या वायरीचा स्क्रू कोरा असतो. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. प्लग बसतो, यंत्र चालतं. अर्थिंग नसल्याची खूण यंत्राच्या चालण्यात कुठेच उमटत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

अर्थिंग करतं तरी काय? ‘करंट जमिनीत जातो’ असं आपण सहज म्हणतो. पण विजेला जमिनीची ओढ नसते. तिला परत जायचं असतं, जिथून निघाली त्या रोहित्राकडे, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीकडे. एरवी ती फेजमधून येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. पण डीपीवर त्या न्यूट्रलला जमिनीशी मुद्दाम जोडलेलं असतं. या एका जोडणीमुळे आपल्या पायाखालची सगळी जमीन विजेच्या परतीच्या रस्त्याचा भाग होते. कोरड्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिच्यापासून परतीचा रस्ता निघत नाही. आपण जमिनीवर उभे असतो, म्हणजे त्या रस्त्यावरच उभे असतो.

इस्त्रीच्या आत फेजची वायर सुटून लोखंडाला टेकली, की ते लोखंड 230 व्होल्टवर जातं. हिरवी वायर असेल, तर वीज लगेच तिच्यातून परत धावते. ही वाट 1 ओहमची असेल, तर गणिताने 230 अँपिअर होतात, फ्यूज वितळतो किंवा एमसीबी खट्कन पडतो, आणि बिघाड झाल्याचं कोणाला शॉक न बसता कळतं. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. माती तांब्यासारखी वाहक नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पत्रा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात, उन्हाळ्यात पाणी ओततात, ते त्या मातीला थोडी वाहक करण्यासाठी. खड्डा कोरडा पडला आणि वाटेचा रोध 20 ओहम झाला, तर करंट जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो रोजच्या वापरासारखाच वाटतो. एमसीबी पडत नाही, आणि यंत्राचं अंग फेजच्या तारेइतकंच धोकादायक राहतं. म्हणजे हिरवी वायर असणं वेगळं आणि तिच्या टोकाला चांगली वाट असणं वेगळं.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल, तर विदर्भातला पत्र्याचा कूलर पाहावा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या खोल्यांना कूलरशिवाय तरणोपाय नसतो. लोखंडी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, पुढे पंखा, आणि तळाच्या पाण्यात बुडालेला छोटा पंप. पंपाची वायर पाण्यात राहून राहून मऊ पडते, कुठेतरी तिचं आवरण चिरतं. मग पाणी आणि पाण्यामुळे अख्खा पत्रा विजेच्या ताब्यात जातो. आणि हे नेमकं त्या महिन्यांत घडतं, जेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते आणि अर्थिंगचा खड्डाही सर्वांत निकामी. पाणी संपलं म्हणून कोणी अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर, एका हाताने पत्रा धरून बादली ओतायला जातो. ओल्या कातडीच्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर हातापासून पायापर्यंत 230 मिलिअँपिअर वाहतील. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, त्यांच्या मागे बहुतेक वेळा एवढीच गोष्ट असते.

230 मिलिअँपिअर म्हणजे किती, हे कळायला अमेरिकेतल्या बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी केलेली मोजणी आठवावी लागते. त्यांनी 134 पुरुष आणि 28 स्त्रिया अशा स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन किती करंटपर्यंत माणूस आपणहून ती सोडू शकतो, हे मोजलं. पुरुषांची सरासरी 16 मिलिअँपिअर आली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे हात सुटत नाही. मुठीचे आवळणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, दोघांनाही एकदम वीज मिळाली की मूठ आवळली जाते. ‘वीज धरून ठेवते’ असं लोक म्हणतात, ते इतकं खरं आहे. फक्त धरणारी आपलीच मूठ असते.

याच डालझील यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरगुती वापराचं गळती ओळखणारं यंत्र पुढे आणलं. युरोपातही त्याच दिशेने काम चाललं होतं. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या आत एक लहानसं लोहकडं असतं. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. जितका करंट गेला तितकाच परत आला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुरते खोडून काढतात आणि कडं शांत राहतं. परत येताना 30 मिलिअँपिअर कमी पडले, म्हणजे तेवढा करंट भलत्याच वाटेने गेला. कड्यावरच्या वेटोळ्यात तेवढ्याने ठिणगीभर वीज उठते आणि खटका पडतो. एसटीचा वाहक चढलेले आणि उतरलेले प्रवासी ताडून पाहतो, तसाच हा हिशेब, फक्त सेकंदाला शंभरदा दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर चाललेला. मोठ्या गळतीला हा खटका 40 मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. हृदयाचा एक ठोका साधारण 800 मिलिसेकंदांचा. ठोक्याच्या विसाव्या भागात वीज तुटते.

आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने सगळ्यात आधी माहीत करून घ्यावी अशी गोष्ट ही, की या हिशेबात हिरवी वायर कुठेच येत नाही. आरसीसीबीला आपलं काम करायला अर्थिंग लागत नाही. अर्थिंग असेल, तर पत्र्याला वीज लागली त्या क्षणीच ती हिरव्या वायरीतून गळते आणि कोणी हात लावण्याआधी खटका पडतो. अर्थिंग नसेल, तर यंत्र कोणीतरी हात लावेपर्यंत थांबतं. शॉक बसतोच, पूर्ण ताकदीने बसतो, पण मूठ आवळून जीव जाण्याइतका वेळ त्याला सहसा मिळत नाही. हा फरक मोठा आहे. दोन्ही असणं उत्तम, पण भिंतीत दोनच वायरी असलेल्या खोलीत एकाच वस्तूवर पैसे खर्च करायचे असतील, तर ती आरसीसीबी. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर गेलेला आणि आलेला करंट सारखाच राहतो, आणि कडं गप्प बसतं.

आता टेस्टरविषयी. टेस्टरच्या आत एक निऑन दिवा आणि एक मोठा रोधक असतो. टोक फेजला लावून मागच्या टोपीवर बोट ठेवलं की तुमच्या शरीरातून अगदी सूक्ष्म करंट जातो आणि दिवा लागतो. पायात चप्पल असली तरी लागतो, कारण तुमचं शरीर आणि जमीन मिळून एक कपॅसिटर बनतो. त्या दिव्याच्या परिपथात तुम्ही स्वतः आहात! पण यामुळेच टेस्टर पूर्ण विश्वासाचा नाही. कॉम्प्युटरसारख्या यंत्रांच्या फिल्टरमध्ये कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल, तर त्यांच्यामुळे यंत्राचा धातू सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो, बोट लावलं की झिणझिण्या येतात, टेस्टरही लागतो. हा करंट साधारण एक मिलिअँपिअरच्या आत असतो. कूलरच्या पत्र्यावर टेस्टर लागला, तर तो मात्र खरा बिघाड असू शकतो. टेस्टरला या दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून झिणझिण्या आल्या की त्या किरकोळ आहेत असं धरून चालू नये. यंत्र बंद करून प्लग काढावा.

जुगाडही बरेच चालतात, आणि त्यातला एक तर भयानक आहे. सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत वायरीचा तुकडा जोडतात. वायरमनचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला, तर तो झकास पेटतो, आणि अर्थिंग असल्याचं सगळ्यांना वाटतं. पण कुठे मागे न्यूट्रल तुटला, की चालू यंत्रातून आलेली वीज त्या तुकड्यावरून सरळ पत्र्यावर येते. जे यंत्र बिघडलेलं नाही, तेही शॉक देऊ लागतं. नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही असंच. खालच्या मजल्यावर कोणी प्लॅस्टिकचा पाइप बसवला असेल, तर ती वाट मध्येच तुटते आणि शेजारच्या न्हाणीतल्या नळाला वीज येते. दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून अर्थच्या भोकात पेन खुपसणं, तीन पिनांच्या प्लगची वरची पीन मोडणं, हे आपण इतकं पाहतो की त्याचं काही वाटत नाही. स्पाइक गार्डमुळेही अर्थिंग तयार होत नाही. तो भिंतीतलंच नाही-असलेलं अर्थिंग पुढे नेतो.

खोलीत काय लावायचं आणि काय नाही, हे यंत्राच्या पाठीवर पाहून ठरवता येतं. चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्याला दुहेरी आवरण आहे, अर्थची गरज नाही. मोबाइलचे चार्जर, बरेच हेअर ड्रायर या वर्गात येतात. ती यंत्रं दोन पिनांच्या सॉकेटवर निर्धास्त चालवा. ज्याचं अंग धातूचं आणि ज्यात पाणी किंवा उष्णता, त्याला तिसरी पीन हवीच: कूलर, गीझर, वॉशिंग मशीन, फ्रीज, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड. रॉडने पाणी तापलं का ते बोट घालून पाहायचं असेल, तर आधी प्लग काढावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता असते, आणि मग बटण बंद असूनही फेज रॉडपर्यंत येऊन थांबलेला असतो.

घरमालकाशी बोलताना मागणी नेमकी ठेवावी. ग्राहकाच्या जागेत अर्थचं टर्मिनल वीज पुरवणाऱ्याने द्यायचं, हे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासून लिहिलेलं आहे, त्यामुळे मीटरपाशी ते बहुधा सापडतं. तिथून खोलीपर्यंत एक हिरवी वायर प्लॅस्टिकच्या पट्टीतून आणायची असते, भिंत फोडायची गरज नाही. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची घ्यावी. ती जास्तीच्या लोडपासून वाचवत नाही, म्हणून एमसीबीही हवा. परवानाधारक वायरमनलाच हे काम सांगावं. बसवल्यावर ती सारखी पडू लागली, तर ती काढून टाकू नका. एका घराच्या चार खोल्या करून भाड्याने दिलेल्या असतात, तिथे दोन खोल्यांचा न्यूट्रल पुष्कळदा एकच असतो. शेजाऱ्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत जातो आणि कड्याचा हिशेब जुळत नाही. न्यूट्रल वेगळे करून दिले की ती शांत होते.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ते दाबलं की आतला एक रोधक मुद्दाम थोडी गळती घडवतो आणि खटका पडतो. त्या बटणाने खटका तपासला जातो, अर्थिंग नाही, कारण त्या परिपथातही हिरवी वायर नसते. महिन्यातून एकदा ते दाबावं, आणि उन्हाळ्यात कूलर बाहेर काढला की पहिल्याच दिवशी, पाणी भरायच्या आधी. खटका पडला नाही, तर वायरमन येऊन यंत्र बदलेपर्यंत कूलर लावू नये.