जुनी व्हॅन घेताना आधी खाली वाका

लेखमाला : गाडी आणि घर (भाग ६)

राजपुरीच्या जेट्टीवर पर्यटक सोडायचे, बर्फात भरलेले मासे बाजारात पोचवायचे, रात्री-अपरात्री पेशंट दवाखान्यात न्यायचा. मुरुड तालुक्यात ही सगळी कामे अनेकदा एकच व्हॅन करते. मारुतीच्या ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, इको २०१० पासून बाजारात आहे. जुन्यात मिळणारी व्हॅन बहुतेक या दोनपैकीच असते. किमतीची घासाघीस कशी करावी ते मागच्या भागात पाहिले. आज त्याआधीची पायरी पाहू, म्हणजे गाडी घेण्यालायक आहे का, ते कसे ओळखायचे.

किनाऱ्यावरची गाडी खालून वर तपासावी. इंजिनाचे काम निघाले तर खर्च करून ते निस्तरता येते. मजला आणि चासी कुजली असेल, तर पैसे ओतूनही गाडी पूर्ववत होत नाही.

पत्रा

खारा वारा सगळ्याच गाड्यांना लागतो. मासळीच्या गाडीत मात्र बर्फ वितळून खारट पाणी आतल्या मजल्यावर झिरपते आणि मॅटखाली साचते. आगरदांडा-दिघी फेरीतून रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या पोटाला खारे तुषार लागतात. म्हणून मॅट उचलायला लावा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मजला, दरवाजांखालची पट्टी आणि मागच्या चाकांवरची कमान हलके ठोका. पत्रा शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो. आवाज बद्द आला, की आत पुट्टी भरलेली असण्याचा संशय घ्यावा. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जाड पुट्टीवर तो धरत नाही. सरकत्या दाराची खालची पट्टी बोटाने चाचपा. तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर दार लवकरच अडकू लागणार. नवीन काळे अंडरकोटिंग दिसले तर खूश होऊ नका. त्याखाली काय झाकले आहे ते गॅरेजच्या पिटवर चढवून पाहा.

पुराचे पाणी

जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१ चा महाड-चिपळूणचा पूर आपल्या आठवणीत आहेत. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. एरवी आत गुंडाळलेला राहणारा भाग कुणी धुवायला जात नाही, तिथे चिखलाचा डाग राहतो. सीटचे रूळ, फ्यूजबॉक्स आणि हेडलाइटची काच आतून पाहा. सुगंधी फवाऱ्याचा वास फार येत असेल तर काचा बंद करून थोडा वेळ आत बसा. कुबट वास असेल तर तेवढ्यात कळतो.

इंजिन

दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, म्हणून सीट उचलून बघण्यात संकोच करू नका. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असे मालकाला आधीच सांगून ठेवा. थंड इंजिन कसे सुरू होते त्यावरून बरेच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्या. मग काशीदच्या बाजूला चढावर नेऊन बघा. या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. गाडी वेग घेताना खालून ‘खट्’ असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासून घ्या. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचा दाखला मागा आणि आरसीवर सीएनजीची नोंद आहे का तेही पाहा.

रिकॉल

कंपनी स्वतःच्या चुकीमुळे सदोष राहिलेला भाग फुकट बदलून देते, तो रिकॉल. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या इको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या स्टीअरिंगच्या टाय रॉडसाठी बोलावल्या. तो रॉड क्वचित प्रसंगी तुटून स्टीअरिंग बिघडू शकत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ इको बोलावल्या होत्या, पण तेव्हा दोष हेडलाइटवर मानक चिन्ह नसण्याचा होता. म्हणजे रिकॉल हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही आणि दुर्लक्ष करायचेही नाही. कशासाठी होता आणि काम झाले का, हे दोन प्रश्न विचारायचे. चासी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये चौकशी करा. रिकॉल गाडीला लागू असतो, मालक बदलला म्हणून तो संपत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० ए आले आणि सरकारलाही रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याने भागत नाही. कंपनीकडे पत्ता जुन्या मालकाचा असेल, तर निरोप तुमच्यापर्यंत येणार कसा?

नाव आणि नंबर

रिकॉलचा निरोप मिळावा यासाठी नाव बदलणे आलेच. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पेणच्या परिवहन कार्यालयात नोंद करायची. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. पेणच्या एमएच-०६ मालिकेबाहेरची गाडी असेल तर एनओसी. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. पंधरा वर्षे भरत आली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीतून वजा करा. विकणाऱ्यानेही ‘नंतर बघू’ म्हणू नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

एक गोष्ट तपासणीने सुधारणार नाही, ती आधीच मान्य करावी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला शून्य तारे मिळाले होते. अशा गाडीत मुलांना पुढे बसवू नका, सीटबेल्ट सगळ्यांना लावा आणि वेग आवरा. सौदा पक्का करण्याआधी आपल्या विश्वासातला मेकॅनिक सोबत न्या. त्याची मजुरी आनंदाने द्या. त्याने ‘नको’ म्हटले तर बयाणा देण्याआधीच परत फिरा.

(पुढील भागात : जुन्या गाडीचा विमा आपल्या नावावर कसा करावा)