वाचणाऱ्याच्या आवाजातून उतरलेला चेहरा

१८२२ सालचं पॅरिस. चोविशीतल्या देलाक्र्वाचं पहिलंच मोठं चित्र सालोंच्या प्रदर्शनाला निघालं, तेव्हा चौकटीला पैसे नव्हते. चार साध्या पट्ट्या ठोकून त्याने ते धाडून दिलं. प्रदर्शनात गेला तर चित्राला झळाळती नवी चौकट! मूळची मोडली, तेव्हा ज्येष्ठ चित्रकार ग्रो यांनी स्वखर्चाने ती करून दिली, असं सांगतात. अनोळखी पोराच्या कामाला असा हात देणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

ते चित्र म्हणजे ‘दान्तेची होडी’. दान्तेच्या महाकाव्यातल्या नरकखंडाचा आठवा सर्ग त्यात उभा आहे. मागे नगर जळतंय, पाठमोरा फ्लेजियास वल्हं मारतोय. लाल शिरोवस्त्रातल्या दान्तेचा हात भीतीने वर गेलाय, शेजारी व्हर्जिल स्थिर. आणि काळ्या पाण्यातून होडीला झोंबणारे पापी.

हा सगळा पसारा अडीच महिन्यांत उरकलेला. मित्राला लिहिलेल्या पत्रात देलाक्र्वाने त्या राबण्याला कुत्र्याची मेहनत म्हटलंय. तरी घाईत नजर सुटली नाही. पापी देहांवरचे पाण्याचे थेंब जवळ जाऊन पाहावेत. पांढरा, पिवळा, हिरवा, लाल असे सुटे रंग शेजारी ठेवलेत. दोन पावलं मागे सरलं की थेंब ओला होतो. ही युक्ती त्याने रुबेन्सच्या जलपऱ्यांवरून उचलली होती.

समीक्षक देलेक्लूझने या रंगकामाला नुसते फराटे ठरवलं, तर तिएर नावाच्या तरुण पत्रकाराने तोंडभरून स्तुती केली. हाच तिएर पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. चित्र सरकारने विकत घेतलं. आज ते लूव्रमध्ये आहे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो किस्सा त्याच्या रोजनिशीतला, डिसेंबर १८५३चा. एकतीस वर्षांनी मागे पाहताना या चित्रातलं सर्वांत उत्तम डोकं कोणतं, ते त्याने लिहून ठेवलं. ते दान्तेचं नाही, व्हर्जिलचंही नाही. ते रंगवताना एक परिचित त्याला दान्तेचा एक सर्ग मोठ्याने वाचून दाखवत होता. सर्ग माहितीतलाच होता, पण वाचणाऱ्याच्या उच्चारांत असा जोर होता की देलाक्र्वाच्या अंगात वीज संचारली, आणि कुंचला भराभर चालत गेला. पोथी घरात असतेच. पण खड्या आवाजात कुणी वाचू लागलं की हातातलं काम वेगळंच होतं, हे आपल्याकडे सांगायला नको.

ते डोकं शोधायचं तर होडीच्या पलीकडे पाहा. काठावर हात टाकून एक जण वर चढू बघतोय. तोच तो.