केळीच्या गावात फुलांचं दुकान

जळगाव-धुळ्यात बुके-डेकोरेशनचं काम सुरू करताय? मग गाळा घेण्याआधी शेजारी काय आहे ते बघा. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनला तो लगेच बाधतो: पाकळ्या आत मिटतात, पुन्हा उघडत नाहीत. केळीच्या वखारीला लागून स्वस्त गाळा मिळतोय म्हणून भुलू नका. फळांच्या गाडीतूनही फुलं आणू नका, बरं का.

गुलाब घेताना कळी खालून हलकेच दाबा. घट्ट लागली तर ताजी, मऊ लागली तर सोडा.

दुकानात आल्या आल्या देठ इंचभर तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा. जरबेराला मात्र दोन-तीन इंचच पाणी. त्याचा केसाळ देठ जास्त पाण्यात सडतो नि फूल मान टाकतं. बादली रोज घासायचीच.

लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची, पारा चाळिशीच्या वर. कूलरचा वारा थेट फुलांवर नको, पाकळ्या सुकतात. त्या दिवसांत माल थोडा, पण रोज मागवा.

आणि भाव काढताना सुकलेली फुलंही धरा. १० रुपयांचे १०० गुलाब आणले, ८० विकले, तर एक गुलाब तुम्हाला साडेबाराला पडला.