दार थंडीने नव्हे, वाफेने अडकते

कोकणात दार अडकायचे ते पावसाळ्यात. मृगाच्या सरी कोसळल्या की आमच्या खेड तालुक्यातल्या घराचे पुढचे दार फुगायचे, उंबरठ्याला घासायचे. मग अब्बा सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घ्यायचे. त्यामुळे कॅनडातल्या एडमंटन शहरी आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात दार अडकू लागले, तेव्हा आम्हाला वाटले, फुगले असेल. उन्हाळ्यात कडा घासून घेऊ. आमची समजूत किती चुकीची होती, हे 2024 च्या जानेवारीत कळले.

त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे पारा उणे 40 च्या आसपास उतरला होता. विजेची मागणी इतकी वाढली की 13 तारखेच्या संध्याकाळी ‘वीज जपून वापरा’ असा सरकारी इशारा सगळ्यांच्या मोबाईलवर आला. त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघे तासाभरासाठी बाहेर पडलो. तीन वर्षांच्या मुलाला ताप-खोकला होता, त्याचे औषध आणायचे होते. घरी अम्मी आणि तो, दोघेच.

परत आलो तर कुलूप उघडले, पण दार हलेना. खांदा लावला, लाथ मारली, काही उपयोग नाही. मागच्या दाराकडे धावलो. तिथे बाहेरच्या अंगाला काचेचे जादा दार असते आणि ते बाहेर उघडते. वाऱ्याने त्याच्याशी गुडघाभर बर्फ रचून ठेवला होता आणि फावडे गॅरेजमध्ये होते. गॅरेजची किल्ली? घरात, खुंटीला! अशा थंडीत वारा असेल तर उघडी कातडी काही मिनिटांत गोठते. आतून मुलाचे रडणे ऐकू येत होते. अम्मी फोनवर म्हणाल्या, “घाबरू नका. मी पाणी उकळत ठेवलंय, दारावर ओतते.”

नेमके तेव्हाच शेजारचे म्हातारे काका बाहेर आले. त्यांची सारी हयात याच थंडीत गेलेली. पाण्याचे ऐकताच ते हात हलवत ओरडले, “नको, नको! पाणी मुळीच नको!” उकळते पाणी फटीत शिरून काही मिनिटांत पुन्हा गोठते आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसते. गार काचेवर पडले तर काच तडकते, आणि म्हाताऱ्या माणसाचा हात भाजायचा तो वेगळाच.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही अम्मींना आधी चूल बंद करायला लावली, मग न्हाणीघरातला हेअर ड्रायर आणायला सांगितला. अम्मींनी तो कधी हातात धरला नव्हता. “कुठलं बटण दाबू?” इथपासून सुरुवात. कडीच्या बाजूने खालून वर, एका जागी न थांबता, हळूहळू गरम हवा फिरवायची. आम्ही गाडीचे इंजिन चालू ठेवून आत बसून फोनवर सांगत राहिलो. दहा-बारा मिनिटांनी काकांनी कडीच्या खालच्या बाजूला तळव्याने दोन-चार ठोसे दिले. कडकड आवाज झाला आणि दार उघडले. अल्लाहचे लाख शुक्र! अम्मी एका कडेवर नातू आणि दुसऱ्या हातात ड्रायर घेऊन उभ्या होत्या.

बर्फ आला कुठून?

चहा पिताना काकांनी दाराची कड दाखवली. रबरी पट्टी जुनी होऊन फाटली होती आणि तिच्यावर बोटाएवढा बर्फ साचला होता. “हा बाहेरून आलेला नाही,” ते म्हणाले, “हा तुमच्या घरातलाच आहे.”

विचार केला तेव्हा पटले. सकाळपासून चुलीवर खिचडा रटरटत होता. मुलाच्या खोकल्यासाठी किटलीची वाफ चालू होती. वजूला, आंघोळीला गरम पाणी. ओले कपडे दाराजवळच्या बोळात वाळत टाकलेले. ही सारी ओल घरातल्या गरम हवेत मिसळते, दाराच्या फटीतून बाहेर जाऊ पाहते आणि थंडगार कडेला लागताच गोठते. म्हणजे कोकणात लाकूड पाणी पिऊन फुगते, तर इथे हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने लाकूड उलट आकसते. आम्ही रंधा मारला असता तर फट आणखी रुंद झाली असती, वाफ जास्त बाहेर गेली असती आणि बर्फही जास्त जमला असता!

आता आम्ही काय करतो

* हिवाळ्याआधी दारात कागदाची पट्टी धरून दार लावतो. ती सहज ओढली गेली तर त्या जागी रबरी पट्टी बदलायची. नव्या पट्टीवर सिलिकॉनचा फवारा मारला की ती दाराला चिकटत नाही.
* स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी, आणि नंतरही पंधरा-वीस मिनिटे, हवा बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवतो. भांड्यांवर झाकण घालतो. कपडे दारापासून दूर वाळवतो. बाहेर उणे 30 असेल तर घरातली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असावी. ती दाखवणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते.
* दाराची कड आणि उंबरठा रोज कोरड्या फडक्याने पुसतो. कडाक्याच्या थंडीत दिवसातून दोन-तीनदा दार उघडून बघतो, म्हणजे बर्फ धरत नाही.
* एक फावडे घरात ठेवतो आणि दोन्ही दारांसमोरचा बर्फ काढतो. आग लागली तर एक वाट बंद असून चालत नाही. भट्टीच्या नळ्या बाहेरच्या भिंतीतून निघतात; त्यांच्यासमोरही बर्फ साचू देत नाही, कारण तिथून विषारी वायू घरात परतू शकतो.
* दार अडकलेच तर मूठ धरून हिसके देत नाही. पट्टी फाटते, मूठ तुटते. आधी गरम हवा, मग तळव्याने ठोसे. मेणबत्ती, लायटर किंवा कसलीही ज्योत जवळ न्यायची नाही. कुलपात बर्फ धरला तर बर्फ वितळवणारे द्रव मिळते, पण ते पेट घेणारे असते. त्यासोबत ड्रायर वापरायचा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आमच्या घराची एक किल्ली आता शेजारच्या काकांकडे असते आणि त्यांची आमच्याकडे. तेही एकटेच राहतात. पारा उणे 30 च्या खाली गेला की सकाळी आम्ही त्यांना फोन करतो, “दार उघडतंय ना?” त्या दिवशी शेजारी घरी नसते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

अम्मी एप्रिलमध्ये खेडला परतल्या. जूनमध्ये त्यांचा फोन आला. “इथलं दार अडकलंय बघा. सुताराला बोलावलंय.” मग हसून म्हणाल्या, “ड्रायर चालला असता, तर तुम्हाला विचारलंही नसतं!”