अस्सल भाग, तरी फोन नाकारतो

स्मार्टफोनच्या दुरुस्तीचा वाद पूर्वी स्क्रू, गोंद आणि न मिळणारे सुटे भाग यांच्याभोवती फिरत असे. गेल्या दशकात तो सॉफ्टवेअरकडे सरकला. पडदा, बॅटरी किंवा कॅमेरा यांच्यातील अनुक्रमांक मदरबोर्डवरील नोंदीशी जुळतो का, हे फोन तपासतो आणि जुळला नाही तर भाग अस्सल असूनही इशारा दाखवतो किंवा एखादी सोय बंद करतो; या पद्धतीला ‘पार्ट्स पेअरिंग’ म्हणतात.

तिचे टोकाचे रूप २०१६ मध्ये ‘एरर ५३’ने दाखवले. बाहेरच्या कारागिराकडून होम बटण बदलून घेतलेले आयफोन सॉफ्टवेअर अद्ययावत करताच निकामी होऊ लागले. बोटाचा ठसा वाचणारा संवेदक बदलून कोणी फोनमध्ये शिरू नये, हे ॲपलचे कारण मुळात वाजवी होते. पण टीकेनंतर कंपनीने जी दुरुस्ती पाठवली तिने फोन जिवंत केले आणि ठशाची सोय तेवढी बंद ठेवली, म्हणजे संपूर्ण फोन बंद पाडण्याची गरज नव्हती, हे कंपनीच्याच कृतीतून सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील फेडरल न्यायालयाने २०१८ मध्ये याच प्रकरणी ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला, कारण बाहेर दुरुस्ती झाल्याच्या सबबीवर ग्राहकांना कायदेशीर भरपाई नाकारण्यात आली होती. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये तर नुसता पडदा बदलल्यावर चेहरा ओळखण्याची सोय बंद पडे. ओरड झाल्यावर तीही सॉफ्टवेअरनेच पूर्ववत झाली. तेव्हा सुरक्षेचा युक्तिवाद ठसा व चेहरा वाचणाऱ्या संवेदकांपुरता मान्य करावा; बॅटरी आणि पडद्याला तो लावणे हा धंद्याचा हिशेब वाटतो.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने, ॲपलचा विरोध असतानाही, दुरुस्ती अडवणाऱ्या अशा जोडणीवर बंदी घातली. मात्र ती १ जानेवारी २०२५ नंतरच्या उपकरणांनाच लागू आहे.

फेरफाराचा, म्हणजे कंपनीचे निर्बंध तोडून हवे ते सॉफ्टवेअर चालवण्याचा, प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत २०१० मध्ये त्याला प्रताधिकार कायद्यातून सवलत मिळाली. पण अशा फोनवर अनेक बँकांची ॲप चालत नाहीत, आणि ही जोखीम फेरफार करणाऱ्यानेच पत्करावी, हे न्याय्यच आहे. आपला पडदा बदलून घेणाऱ्यावर मात्र ती लादता येत नाही.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्यांची माहिती मिळते. जोडणीवर बंदी घालण्याचे काम पोर्टलचे नाही, त्यासाठी कायदाच लागेल.