हिरवं पान नेमकी कशाची ग्वाही देतं?

दिवाळीच्या तोंडावर रंगाच्या दुकानात गेलात तर डब्याडब्यावर हिरवं पान दिसतं. प्लायवूडवर ‘ई-०’ छापलेलं असतं, फरशीच्या खोक्यावर ‘ग्रीन’. दुकानदार म्हणतो, “सगळं इको-फ्रेंडली आहे, साहेब.” असेलही. पण असं प्रत्येक चिन्ह फार तर एक-दोन प्रश्नांची उत्तरं देतं. ते प्रश्न कोणते, हे गिऱ्हाइकालाच शोधावं लागतं.

सांगतंय कोण?

आंतरराष्ट्रीय मानक संस्था, म्हणजे आयएसओ, पर्यावरणविषयक लेबलांचे तीन मुख्य प्रकार मानते. पहिल्यात त्रयस्थ संस्था निकष ठरवते, माल तपासते आणि मगच चिन्ह देते. जर्मनीचा १९७८ चा ‘ब्लू एंजल’ हा या घराण्याचा मूळपुरुष. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९१ साली मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेला ‘इकोमार्क’ आणला. त्यात रंग आणि लाकडाचे पर्यायही होते, पण उत्पादक फारसे फिरकले नाहीत. अखेर २०२४ मध्ये नवे नियम आले. दरम्यान बांधकाम साहित्यात नाव झालं ते सीआयआय या उद्योग महासंघाच्या हैदराबादच्या केंद्राकडून मिळणाऱ्या ‘ग्रीनप्रो’चं.

दुसऱ्या प्रकारात कंपनी आपल्या मालाबद्दल स्वतःच सांगते. पुनर्वापरित मालाचं प्रमाण टक्क्यांत दिलं असेल तर ते पडताळता येतं. नुसतं ‘निसर्गस्नेही’ कसं पडताळणार? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा मोघम शब्दांसोबत खुलासा आणि पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी डब्यावर क्यूआर कोड असेल तर तो दुकानातच स्कॅन करून पाहावा.

तिसरा प्रकार म्हणजे ईपीडी, उत्पादनाचा पर्यावरणीय ताळेबंद. खाणीपासून निदान कारखान्याच्या फाटकापर्यंत किती कार्बन, किती ऊर्जा, किती पाणी, याचे त्रयस्थाने तपासलेले आकडे त्यात असतात. बिस्किटाच्या पुड्यामागच्या तक्त्यासारखाच हा प्रकार: साखर किती ते कळतं, खावं की नाही ते आपण ठरवायचं. म्हणून ईपीडी असणं हा काही चांगुलपणाचा दाखला नव्हे. तुलना करताना एकक पाहावं. एएसी (सच्छिद्र काँक्रीटचा) ब्लॉक आणि भाजकी वीट यांची किलोला किलो तुलना फसवी ठरते, कारण ब्लॉक हलका असतो. एक चौरस मीटर भिंतीमागे किती, हा खरा हिशेब.

सांगतंय कशाबद्दल?

रंगाच्या डब्यावरचं ‘शिसेविरहित’ हे वेगळं पुण्य नाही. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं असू नये, हा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेला नियमच आहे. ‘कमी व्हीओसी’ म्हणजे वाळताना हवेत उडणारी रसायनं कमी. मात्र तो आकडा बहुधा मूळ पांढऱ्या बेसचा असतो. गडद छटेसाठी मशीनवर मिसळलेल्या रंगद्रव्यांनी तो वाढू शकतो.

प्लायवूड आणि एमडीएफच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. ‘ई-१’ हा युरोपीय मानकातला उत्सर्जनवर्ग आहे. ‘ई-०’ त्या मानकात नाही. तसा शिक्का दिसला तर चाचणीचा अहवाल मागावा. उलट एफएससी या जंगलं प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं चिन्ह लाकूड कुठल्या जंगलातून आलं याबद्दल बोलतं, डिंकाबद्दल नाही. ‘एफएससी मिक्स’ लिहिलं असेल तर सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं असेलच असंही नाही.

आयजीबीसी, ‘गृहा’ आणि ‘लीड’ ही मानांकनं इमारतींची. ‘लीड-प्रमाणित फरशी’ असं काही नसतं; ती फरशी इमारतीला गुण मिळायला हातभार लावू शकते, एवढंच.

पान नसलेली पोती

घराच्या कार्बनचा मोठा वाटा मात्र सिमेंट आणि लोखंडात असतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि त्यातला बराचसा इंधनातून नव्हे तर चुनखडी तापवताना तिच्यातूनच सुटतो. म्हणून सिमेंटमधलं चुनखडीपासून बनणारं क्लिंकर जितकं कमी, तितकं बरं. पोत्यावर ‘आयएस १४८९, भाग १’ दिसलं तर ते फ्लाय अॅश मिसळलेलं पीपीसी. त्यात औष्णिक वीज केंद्राची राख १५ ते ३५ टक्के असते. हा साधा मानक क्रमांक डब्यावरच्या पानापेक्षा जास्त सांगून जातो. किंमतही सहसा ओपीसीपेक्षा, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटपेक्षा, अधिक नसते. पथ्य एकच: त्याला ताकद सावकाश येते. मानकानुसार ओपीसीच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, तर पीपीसीच्या काँक्रीटला किमान १०. कंत्राटदार घाई करत असेल तर तिथे हटून बसावं.

खरेदीला जाताना चार प्रश्न सोबत ठेवावेत. प्रमाणपत्र कुणी दिलं? ते याच मालाला, याच कारखान्याला आहे का? मुदत कधी संपते? आणि त्यात तपासलं काय? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन संस्थेच्या यादीत पाहावं. यादीत तो माल नसेल तर त्या चिन्हासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

लेबल एका मालाची तुलना दुसऱ्या मालाशी करतं. तो माल लागतोच का, हे विचारत नाही. सागवानी चौकट नुसत्या पॉलिशने आणखी वीस वर्षं टिकणार असेल, तर नव्या प्रमाणित दारापेक्षा तीच राखलेली बरी.